अण्णांची झील

अंबरनाथ (पश्चिम)
रविवार, ५ नोव्हेंबर २००६

प्रिय महेंद्रदादा,

सप्रेम जयभीम. स्वप्नाली वहिनीलाही जयभीम सांग आणि छकुलीचा माझ्या नावाने एक पापा घे. तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. फोन केला की 'ड्यूटीवर आहे, नंतर करतो' म्हणतोस आणि तुझं ते 'नंतर' भुसावळहून अजून निघालेलं नाही. म्हणून पत्र. पत्र मध्येच कापता येत नाही, एवढाच त्याचा फायदा.

इकडचं सगळं ठीक. लोडशेडिंग चालू आहे, त्यामुळे संध्याकाळी सगळी आळी ओट्यावर येऊन बसते आणि कोणाच्या घरात काय शिजलं ते सगळ्यांना कळतं. समोरची चाळ पाडली. तिथे टॉवर होणार म्हणे. अण्णा बरे आहेत. सकाळी चालायला जातात. पूर्वी फॅक्टरीच्या गेटपर्यंत जाऊन यायचे, आता विहारापर्यंत जातात आणि पायरीवर बसून परत येतात. खोकला आहे, पण तो तुझ्या माहितीचाच आहे.

माझ्या पीएचडीचं गाडं अखेर हललं. विषय ऐकून हसू नकोस. माणसं एकत्र गातात तेव्हा त्यांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, हे मी बघते आहे. इतकी वर्षं फिजिओथेरपी शिकवणारी तुझी बहीण आता विहारात सतरंजी घालून बायकांच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधत बसते. आळीतली, बदलापूरची आणि उल्हासनगरची मिळून बरीच माणसं जमली. चिठ्ठ्या टाकून मी त्यांचे दोन गट केले. एक गट तीन महिने दर रविवारी विहारात एकत्र गाणार. दुसऱ्याने थांबायचं. तीन महिने कुठेही कोणाबरोबर गायचं नाही, फेब्रुवारीत त्यांची पाळी. दोघांचा श्वास, झोप, ब्लडप्रेशर मी मोजत राहणार. गाणाऱ्यांना फरक पडला आणि थांबलेल्यांना पडला नाही, तर तो गाण्यामुळे पडला असं म्हणायला जागा राहते. सगळं साधं आहे. माणसं मात्र साधी नसतात.

झोपेचे आणि मनाचे प्रश्न विचारताना माझी रोज परीक्षा होते. आपल्या मागच्या खोलीतली विठा, ती एमआयडीसीत पॅकिंगला जाते, तिला विचारलं, 'गेल्या आठवड्यात उदास किती वेळा वाटलं?' ती म्हणाली, 'उदास म्हंजे कसं? पानी नाय आलं की वाटतं, तसं?' मी म्हटलं, तसं नाही, विनाकारण. तर हसायलाच लागली. 'बाई, विनाकारन उदास व्हायला टाइम कुनाला हाय?' हे उत्तर पाचांपैकी कुठल्या रकान्यात बसतं ते माझ्या मार्गदर्शक सरांनाही सांगता आलं नाही.

अण्णांना मी विचारलं नव्हतं. ते आपणहून आले. इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून, पहिल्या पाळीला निघाल्यासारखे. संमतीपत्र पूर्ण वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं आणि बबन सखाराम रोकडे अशी लांबलचक सही ठोकली. 'सगळेच कोरस ना यात?' एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. तू गेल्यापासून त्यांनी कशातच आवाज लावलेला नाही, त्यामुळे मला जरा नवल वाटलं.

चिठ्ठ्या जनाआत्याने काढल्या. उल्हासनगरच्या कॅम्प चारहून रिक्षाने आली होती, अंगाला जीन्सचे निळे धागे चिकटलेले. अजूनही घरी बसून पँटींचे धागे तोडते, मालकीण मीनाभाभी गठ्ठे आणून टाकते. आत्याची स्वतःची चिठ्ठी निघाली गाणाऱ्यांत आणि अण्णांची थांबणाऱ्यांत. आत्या लगेच म्हणाली, 'माझी दे त्याला. मी काय गानार? मला सुर ना ताल.' मी नाही म्हटलं. बदलली असती तर कोणाला कळलं नसतं, पण मग तो अभ्यास राहिला नसता, आपला घरचा कार्यक्रम झाला असता. अण्णा माझ्याच बाजूने बोलले. 'चिठ्ठी निघाली ती निघाली,' म्हणाले आणि चप्पल घालून घरी गेले.

आता मुद्द्याचं. चंदरकाका ढोलकीला बसतात. चाली त्यांना सगळ्या येतात, शब्द एकही नाही. बायकांना तुझं पाटीचं गाणं हवं आहे. 'हातात दिली पाटी ज्यानं, त्याचं नाव घ्या रे' हे ध्रुवपद आळीत शेंबड्या पोरालाही येतं, पण तिन्ही कडवी तुझ्याकडे आहेत. तूच लिहिलेली, तूच गायलेली. अण्णांना विचारलं तर म्हणाले, 'ज्याची हायेत त्याला विचार.' तेव्हा विचारते आहे. आठवत असतील तर एका कागदावर लिहून पाठव. बाकी काही नको.

तुझी,
पदू

*

अंबरनाथ
१७ डिसेंबर २००६

प्रिय दादा,

जयभीम.

आत्या गेल्याचं फोनवर सांगितलंच होतं. तुला सुट्टी मिळाली नाही, हे मी सगळ्यांना सांगितलं. जांभूळहून तिच्या सासरची माणसं आली होती, त्यांनाही सांगितलं. त्यांनी मान हलवली.

फोन तू लगेच ठेवलास, म्हणून राहिलेलं लिहिते. दुपारी धागे तोडत बसली होती. पाणी प्यायला उठली आणि बसली ती बसलीच. मीनाभाभीने रिक्षात घालून नेलं, पण दवाखान्यात पोचायच्या आत संपलं होतं. हृदय. माझ्याकडच्या नोंदीत तिचं ब्लडप्रेशर पाच रविवारांत उतरत गेलेलं आहे आणि झोप सुधारलेली आहे. शेवटच्या रविवारी तिने सांगितलं होतं, 'अगं, आता पडले की डोला लागतो.' ही नोंद मी खोडणार नाही. ती खरी आहे. मधेच गेलेल्या माणसाचं काय करायचं त्याचे नियम ठरलेले असतात, त्या नियमाने ती वेगळी ठेवली.

कार्यक्रमाचं सांगायचं आहे, म्हणून लिहायला बसले.

जलदान आणि पुण्यानुमोदन कॅम्प चारला तिच्याच खोलीपुढे, मांडव घालून केलं. अंबरनाथहून आपली आळी गेली होती, तिची तिथली माणसं होती, मीनाभाभी आणि गल्लीतल्या दोनचार सिंधी बायका होत्या. आत्याचा फोटो मोठा करून आणला होता, तो निळी साडी नेसलेला. बौद्धाचार्यांनी मेणबत्ती लावली, सगळे हात जोडून बसले आणि वंदना सुरू झाली. तुला आपली वंदना माहीत आहे. एक जण उचलतो आणि पुढच्या शब्दाला सगळा मांडव येऊन मिळतो. त्या दिवशी मिळाला नाही. अर्धीच माणसं म्हणत होती. आवाज असा विरळ आला की बौद्धाचार्य क्षणभर थांबले आणि त्यांनी मान वर करून बघितलं.

अण्णा पहिल्या रांगेत बसले होते. सख्ख्या थोरल्या बहिणीच्या फोटोसमोर, हात जोडून, तोंड मिटून. त्यांच्या मागे विठा आणि तिच्या बाजूच्या बायका, त्याही तशाच. नीट बघितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते सगळे माझे थांबलेले लोक होते.

संमतीपत्रात मी लिहिलं होतं, 'तीन महिने कोणत्याही प्रकारचं सामूहिक गायन करणार नाही.' कोणत्याही प्रकारचं. मला भजनं, हळदीची गाणी, ऑर्केस्ट्रा असलं काहीतरी अभिप्रेत होतं. वंदना माझ्या डोक्यातही नव्हती. बाहेरच्या कोणाला हे सांगितलं तर तो म्हणेल, वंदना म्हणजे प्रार्थना, तिचा गाण्याशी काय संबंध? पण आपल्याकडे ती चालीवरच म्हणतात, आणि अण्णांनी कागद दोनदा वाचला होता.

मी लांबून हाताने खूण केली, म्हणा, म्हणा. अण्णांनी बघितलं आणि मान हलवली. नाही. तेवढ्यात मीनाभाभीने मोठ्याने विचारलं, 'अम्मा के लिए ये लोग बोलते क्यों नहीं? झगड़ा है क्या?' मांडवात सगळ्यांनी ऐकलं. जांभूळकरांनी आपल्या आळीकडे बघितलं. मला त्या वेळी जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर विठाला विचारलं. ती म्हणाली, 'आमाला काय म्हाईत? आन्ना गप बसले, म्हनून आमी बी बसलो. बाईंचं शिक्षन हाय, तिचं नुस्कान नको.' बघ, माझं नुकसान होऊ नये म्हणून बायका मयताच्या कार्यक्रमात तोंड मिटून बसल्या.

रिक्षात अण्णांना म्हटलं, वंदना म्हणजे गाणं नव्हे, असं कोणी करतं का? ते बाहेर बघत होते. 'चालीवर म्हंतो का नाय आपन? सगले मिलून म्हंतो का नाय? मग?' थोड्या वेळाने म्हणाले, 'सही केलीय मी.' पुढे स्टेशनपर्यंत नुसता खोकला.

घरी आल्यावर मी रडले. आत्यासाठी आणि त्या अर्ध्या वंदनेसाठी. दुसऱ्या दिवशी थांबलेल्या गटात घरोघर जाऊन सांगितलं की वंदना चालेल, ती यात धरलेली नाही. सरांनाही कळवलं. ते म्हणाले, 'इतका काटेकोर कंट्रोल ग्रुप मी आयुष्यात पाहिला नाही.' कौतुकाने म्हणाले. मी थँक्यू म्हटलं.

तुझी कडवी आली नाहीत. गाणारा गट तुझं ध्रुवपद दोनदा म्हणतो आणि पुढच्या गाण्याकडे वळतो.

वहिनीला जयभीम.

पदू

*

अंबरनाथ
१४ जानेवारी २००७

प्रिय दादा,

जयभीम. तुझं पत्र मिळालं. सव्वा पानाचं, त्यातलं एक पान राग आणि पाव पान वहिनीची ख्यालीखुशाली. चार वर्षांत तुझ्या हातचं पहिलं अक्षर बघितलं, अजून तसंच आहे, उजवीकडे कलणारं.

तू लिहिलंस, 'बहिणीच्या मयताला बापाचं तोंड बंद करणारी तू कसली डॉक्टर?' डॉक्टर मी नाही, अजून व्हायची आहे. बाकी वाक्य मी चार दिवस बाजूला ठेवलं होतं. राग उतरला की उत्तर देईन असं ठरवलं होतं. तो उतरला नाही, तेव्हा रागातच लिहिते.

दादा, अण्णांचं तोंड मी बंद केलं नाही. ते आधीपासून बंद होतं. माझ्या कागदाने तीन महिने त्याला नाव दिलं, एवढंच.

तुला तो दिवस विसरायला झाला असेल असं मला वाटत नाही, पण आपण त्यावर कधी बोललो नाही, म्हणून मी एकदाच लिहिते. २००२ ची जयंती, स्टेशनजवळचं मैदान. तुझा नवीन कीबोर्डवाला आला होता, समोर खुर्चीवर तो कॅसेट कंपनीचा माणूस बसला होता आणि तुला घाम फुटला होता. अण्णा नेहमीसारखे तुझ्या डाव्या हाताला, दोन पावलं मागे. गायनपार्टी सुरू झाल्यापासून त्यांची जागा तीच. ते कधी मुख्य गायक नव्हते, आधी चंदरकाकांच्या भावामागे आणि मग तुझ्यामागे झील धरायचे. कडवं तू सोडलंस की ध्रुवपद उचलायचं, तू दम घेईपर्यंत गाणं खाली पडू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम आणि त्यातच ते खूश. त्या दिवशी दुसऱ्या कडव्यात त्यांना खोकला लागला. थांबेना. तू वळलास आणि म्हणालास, 'अण्णा, तुम्ही खाली बसा जरा, माइकमध्ये येतंय.' तू हळूच म्हणालास, हे मला माहीत आहे. पण माइक तुझ्या हातात होता. सगळ्या मैदानाने ऐकलं.

अण्णा खाली उतरले, चपला शोधल्या, बायकांच्या बाजूला जागा होती तिथे बसले. कार्यक्रम संपेपर्यंत बसले. तुझ्या प्रत्येक गाण्याला टाळ्या वाजवल्या. त्यानंतर आवाज लावला नाही. पुढे कॅसेट निघाली नाही, तू कल्याणहून बदली मागून घेतलीस, आणि आम्ही दोघं या खोलीत राहिलो.

तू चुकीचं काही बोलला नाहीस. खोकला होता हे खरं आणि तो माइकमध्ये येत होता हेही खरं. मला राग त्याचा नाही. तू मागे वळून आला नाहीस, त्याचा आहे. घरी येऊन 'अण्णा, मी घाबरलो होतो' एवढं म्हणाला असतास तर त्यांनी तुला चहा करून दिला असता आणि विषय संपला असता. मला ह्याचा चार वर्षं राग आहे आणि आज तो लिहून मोकळी झाले.

दुसरी गोष्ट मी आधीच्या दोन्ही पत्रांत टाळली. खोकला तुझ्या माहितीचा आहे असं लिहिलं होतं. तो तुला माहीत नाही. गेल्या जूनमध्ये बदलापूरच्या छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. फुप्फुसं खूप आधीपासून खराब होत आली आहेत, म्हणाले. त्या मैदानातही ती खराबच असणार. बिडी सुटून दहा वर्षं झाली, पण जे गेलं ते परत येत नाही. आहे तेवढं जपायचं. किती दिवस, असं मी विचारलं, कारण मला विचारता येतं. ते म्हणाले, वर्षांत बोला, पण फार वर्षांत बोलू नका.

मग मी विचारलं, यांना गाता येईल का? डॉक्टर म्हणाले, 'गाऊ दे की. श्वास लांबवायची सवय राहील. एकट्याने दम लागेल, चार माणसांत गायलं तर बरं.' अण्णा बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, 'कुनामागं गाऊ?'

त्या वेळेपर्यंत माझा विषय वेगळा होता. पॅकिंगला उभ्या राहणाऱ्या बायकांच्या गुडघ्यांवर मी काम करणार होते, अर्धं वाचूनही झालं होतं. तो मी सोडला. सरांना सांगितलं की सामूहिक गायनावर आपल्या भागात कोणी काही मोजलेलं नाही. तेही खरंच आहे. पण ही सगळी यातायात, पट्टे, फुंकायच्या नळ्या, प्रश्नावल्या, सतरंज्या, मी एका माणसासाठी मांडली. ज्याला मुलगी घरात 'गा' म्हणून सांगू शकत नव्हती, त्याला चार माणसांत बसवण्यासाठी. तो आपणहून आला, सही केली, आणि आत्याने डब्यात हात घालून त्याची चिठ्ठी उलटी काढली.

आता तू म्हणशील, बदलायची होतीस. मला रोज वाटतं, आत्या म्हणत होती तेव्हा बदलायला हवी होती. पण अण्णा तिथेच उभे होते दादा. माझ्यासाठी म्हणून नियम वाकवला हे त्यांना कळलं असतं तर ते विहाराची पायरीही चढले नसते. खाली बसा म्हटलं तर खाली बसणारा माणूस आहे तो, आणि थांबा म्हटलं तर थांबणारा.

४ फेब्रुवारीला त्यांच्या गटाची पाळी सुरू होते. ते तेवढं मोजत असतात. मी तुला काही मागत नाही. कडवी मागितली होती, ती तू पाठवली नाहीस.

पदू

*

अंबरनाथ
सोमवार, ५ फेब्रुवारी २००७

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. मागच्या पत्रात मी फार बोलले. त्यातलं काही मागे घेत नाही, पण बोलण्याची ती रीत नव्हती. तुझ्याकडून पत्र नाही, फोन नाही. वहिनीचा मात्र आला होता. तू पत्र वाचून जेवला नाहीस, असं म्हणाली. मी तिला म्हटलं, आमच्या घरात हा पुरुषांचा जुना आजार आहे.

काल पहिला रविवार झाला, त्याचा वृत्तान्त देते. तू मागितला नाहीस, पण तुला कळायला हवा.

अण्णा सकाळी लवकर उठून तयार होते. इस्त्रीचा शर्ट तोच. वाटेत दोनदा थांबले, एकदा खांबाला धरून. मी रिक्षा करू म्हटलं तर म्हणाले, 'गायला चाललोय, दवाखान्यात नाय.' विहारात सगळ्यांचं मोजून झालं. नळीत फुंकायला लावलं तेव्हा अण्णांचा काटा नेहमीच्याच जागी गेला, खालच्या. विठा म्हणाली, 'आन्ना, आता तरी मोकलं झालं ना तोंड?' ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसताना बघितले.

चंदरकाकांनी ढोलकी लावली. आधी सोपी गाणी घेतली, सगळ्यांना येणारी. अण्णा मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसले होते आणि ओठ हलवत होते. आवाज येतो की नाही ते मला कळत नव्हतं. मी पुढे कागद घेऊन बसले होते, मागे वळून बघायचं नाही असं ठरवून. वळले दोनतीनदा.

मग बायकांनी पाटीचं गाणं मागितलं. मी सांगणारच होते की याची कडवी आपल्याकडे नाहीत, ध्रुवपद म्हणू आणि सोडून देऊ, तेवढ्यात मागून आवाज आला. 'हातात दिली पाटी ज्यानं.' तो तुझ्या लक्षात आहे तसा राहिलेला नाही. काठ झिजलेत आणि मधे हवा जाते. पण जागेवर होता. पहिल्या शब्दाला सगळी खोली त्याला येऊन मिळाली. मला काही लिहिता आलं नाही.

ध्रुवपद दोनदा झालं आणि सवयीने बायका तिसऱ्यांदा उचलायला निघाल्या. अण्णांनी हात वर केला. थांबा. सगळ्या थांबल्या. चंदरकाकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि ढोलकी चालू ठेवली, नुसता ठेका, दुसरं काही नाही. अण्णा डोळे मिटून बसले होते, बोटं मांडीवर चालत होती. कोणाला काही कळेना. मला कळलं, आणि कळल्यावर मी मान खाली घातली.

ते तुझ्या कडव्याची जागा मोकळी सोडत होते. त्याच्या पूर्ण लांबीची. तू दुसऱ्या ओळीनंतर दम घ्यायचास तिथे त्यांची बोटं थांबली आणि पुन्हा चालली. मधेच त्यांना खोकला आला. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि खोकून घेतलं. विहारात माइक नाही दादा, आणि त्या वेळी कोणी गातही नव्हतं. तरी त्यांनी तोंड फिरवलं. मग वळले, आणि कडवं जिथे संपतं त्या ठोक्याला बरोबर ध्रुवपद उचललं. चंदरकाकांचे डोळे भरले होते, पण हात चुकला नाही.

दुसऱ्या कडव्यालाही तसंच. बायकांना आता सवय झाली, त्या गप बसून ठेका ऐकत राहिल्या. विठाने न राहवून विचारलं, 'आन्ना, हितं काय हाय?'

'हितं कडवं हाय.'

'मग म्हना की. तुमाला येत नाय व्हय?'

'येतंय.' एवढंच म्हणाले आणि बोट वर केलं, कारण ध्रुवपदाची वेळ झाली होती.

तिन्ही कडवी त्यांनी अशीच सोडली. घरी आल्यावर मी चहा केला आणि विचारलं, कडवी पाठ आहेत तर म्हणत का नाही, बायकांना तेवढंच येईल. त्यांनी बशीत चहा ओतला. म्हणाले, 'झील धरनाऱ्यानं कडवं नाय घ्यायचं. गानारा हाय ना, त्याचं हाय ते.' मी म्हटलं, गाणारा इथे नाही. त्यावर त्यांनी चहा पिऊन संपवला आणि बशी धुवायला उठले. तुझ्यावर रागावलेत का, असंही विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं. मोरीतूनच म्हणाले, 'कशापायी? खोकला येतच व्हता की.'

गाणं झाल्यावर पुन्हा मोजलं, तेव्हा काटा सकाळच्याच जागी होता. एका रविवारात काही होत नसतं, आणि आकडे आपल्याला हवे तसे येत नाहीत, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. अण्णांच्या फुप्फुसांना गाण्याने किती उपयोग होईल ते एप्रिलअखेर कळेल, कदाचित कळणारही नाही. पण काल रात्री ते खोकून उठले नाहीत. विठाच्या उदास वाटण्यासारखंच याचंही, रकाना नाही, म्हणून तुला लिहिते.

विहारात दर रविवारी दहाला जमतो. अण्णा पुढच्या रविवारीही तेवढीच जागा सोडतील, त्याच्या पुढच्याही. किती रविवार, ते मला सांगता येत नाही. काल ती जागा मी समोर बसून ऐकली. तुझ्या दमाएवढीच आहे. तुझ्या डाव्या हाताला, दोन पावलं मागे उभं राहून इतकी वर्षं मोजलेली.

कडवी आता पोस्टाने पाठवू नकोस.

तुझी बहीण,
पदू